इचलकरंजीच्या शर्टाला शिनजियांगचा दाखला का मागतात?

धागेदोरे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीत शर्ट शिवून बाहेर पाठवणाऱ्या एका युनिटमध्ये कागदपत्रांचं काम बघतो. शिपिंग बिल, पॅकिंग लिस्ट, बँकेची कागदं, असलं सगळं. अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकानं यंदा नवीनच प्रश्नावली धाडलीय. कापूस कुठल्या जिनिंगचा, गाठींचे नंबर काय, सूत कुठल्या गिरणीनं काढलं, लॉट कुठला, सायझिंग कुठं झालं, माग कुणाचा, प्रोसेस हाऊस कुठलं, सगळी साखळी कागदावर पाहिजे. आणि शेवटच्या पानावर सही-शिक्का, की या मालात चीनच्या शिनजियांग प्रांताचा एक धागाही नाही.

आमचं बरंचसं सूत इथलंच. पण दोन स्टाइलींना व्यापाऱ्यामार्फत चीनचं कापड आलं होतं, आणि एका स्टाइलचं व्हिएतनामहून. त्या कापडातला कापूस कुणाच्या शेतातला हे व्यापाऱ्यालाच माहीत नाही, तर आम्हाला कुठनं असणार? शेठ म्हणतात, "ठोक सही, कोण बघतंय?" सही त्यांची, पण कागद माझ्या टेबलावरून जाणार.

इथं कुणाला माहीत असेल तर सांगा, तिथं नेमकं काय चाललंय? का हा अमेरिका-चीनच्या भांडणात आमच्यासारख्यांचा भरडा निघतोय? आणि व्यापाऱ्यानं "माल चांगला आहे" असं लिहून दिलं तर ते चालतं का?

---

पेठेतला काका

चालतं की नाही ते इथले कस्टमवाले सांगतील. पण मूळ मुद्द्यावर, म्हणजे शिनजियांगमधल्या उइघुर मुसलमानांकडून सक्तीनं काम करून घेतात या आरोपावर, माझं मत स्पष्ट आहे. इराकमध्ये नसलेली शस्त्रं जगाला दाखवणारे हेच लोक. जगातला साधारण पाचवा हिस्सा कापूस एकट्या शिनजियांगमधून येतो, तो बाजारातून उठवला की फायदा कुणाचा, याचा विचार करा. शिवाय तिथे आता कापूस वेचायला यंत्रं आहेत, बहुतेक वेचणी यंत्रानं होते. मग सक्तीची मजुरी कुणाकडून करून घेणार, यंत्राकडून?

आणि चीन सरकारनं जे केलं ते उगाच केलं का? बॉम्ब फुटले होते, रेल्वे स्टेशनवर चाकूनं माणसं कापली होती. कुठलंही सरकार हात बांधून बसत नाही. दोन्ही बाजू बघाव्यात.

---

बार्शीची डॉक्टर

एरवी मी इथे फक्त वाचते, पण हा धागा बघून राहवलं नाही. मी शिनजियांगच्या राजधानीत, उरुमचीत, एमबीबीएस केलं, २०११ ते २०१७. फी परवडायची म्हणून आपल्याकडची बरीच मुलं-मुली तेव्हा तिथे जायची. परत येऊन एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची परीक्षा, दिली, पुढे स्त्रीरोगात डीएनबी केलं, आता बार्शीत प्रॅक्टिस करते. त्यामुळे हे थोडं लांबेल आणि थोडं डॉक्टरी होईल.

काका, बॉम्ब फुटले हे शंभर टक्के खरं आहे. ३० एप्रिल २०१४ ला उरुमचीच्या रेल्वे स्टेशनवर स्फोट झाला आणि २२ मेला सकाळच्या भाजीबाजारात गाड्या घुसवून स्फोटकं फेकली, ३९ माणसं गेली. त्यात कितीतरी म्हातारेकोतारे होते, पिशव्या घेऊन मंडईत आलेले. त्या मार्चमध्ये नैऋत्य चीनमधल्या कुनमिंग स्टेशनवर चाकूहल्ल्यात ३१ जण मेले होते. त्याआधी २००९ च्या जुलैमधल्या दंगलीत सरकारी आकड्यानुसार १९७ मेले, आणि त्यानंतर साधारण दहा महिने अख्ख्या प्रांताचं इंटरनेट बंद होतं. आमचे सीनियर घरी मेल पाठवायचा तर प्रांताबाहेर जाणाऱ्या कुणाला तरी गाठायचे. हे सगळं मी नाकारत नाही. ज्यांनी हे केलं त्यांना पकडा, खटले चालवा, शिक्षा द्या. पण हल्ले करणारे थोडे होते, आणि उइघुरांची संख्या एक कोटी सोळा लाख आहे. जे झालं ते त्या सगळ्यांना झालं.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये चेन छ्वांगुओ हे तिबेटहून बदलून शिनजियांगच्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख म्हणून आले. त्यानंतर शहर डोळ्यांदेखत बदललं. चौकाचौकात नव्या पोलीस चौक्या उभ्या राहिल्या, काही ठिकाणी एका चौकीतून पुढची दिसायची. नाव काय, तर "जनसुविधा पोलीस चौकी". आत छत्री, गरम पाणी, मोबाइल चार्जर असं सगळं खरंच ठेवलेलं असायचं. मॉलच्या दारात आम्ही परदेशी विद्यार्थी आणि हान, म्हणजे बहुसंख्य चिनी, लोक बॅग मशीनमध्ये टाकून आत जायचो. उइघुर माणसाला बाजूला घेऊन ओळखपत्र, चेहरा, मग फोन. पेट्रोल पंपाला काटेरी तार. आम्ही जिथे मटण घ्यायचो त्या दुकानात सुरी साखळीनं ठोक्याला बांधलेली असायची. खाटकाचा हात साखळीच्या लांबीइतकाच फिरायचा. तो हसून काहीतरी बोलायचा आणि मटण तोलून द्यायचा.

२०१७ च्या एप्रिलपासून "अतिरेकी विचार निर्मूलना"चा नियम लागू झाला. त्यात "असामान्य" दाढी आणि तोंड झाकणारा बुरखा बंद. पासपोर्ट तर आधीच जमा करून घेतले होते. त्याच वसंतात माणसं जायला लागली. शिबिरं होती, "व्यावसायिक कौशल्य प्रशिक्षण केंद्रं" म्हणायचे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीसमोर चीननं असं काही नाहीच म्हणून सांगितलं, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये ती शिबिरं कायद्यात बसवणारी दुरुस्ती केली. आत किती होते याचे अंदाज दहा लाखांच्या आसपास किंवा वर जातात. काका म्हणतील, अंदाज पाश्चात्त्यांचे. बरं, चीनचे स्वतःचे आकडे घ्या. देशाची दीड-दोन टक्के लोकसंख्या शिनजियांगमध्ये, आणि २०१७ साली देशभरातल्या एकूण अटकांपैकी जवळजवळ २१ टक्के तिथल्या.

आता माझ्या धंद्यातलं सांगते, कारण यावर बातम्यांत कमी येतं. त्या काळात "सर्वांसाठी आरोग्य तपासणी" अशी सरकारी योजना जोरात होती. मोफत. रक्तदाब, ईसीजी, सोनोग्राफी, रक्त. योजना म्हणून कागदावर नाव ठेवायला जागा नव्हती. खेड्यातल्या बायकांचं पहिल्यांदाच कुणीतरी पोट तपासत होतं. त्याच सुमाराला बारा ते पासष्ट वयाच्या सगळ्यांचे डीएनए नमुने, रक्तगट, बुबुळांचे आणि बोटांचे ठसे गोळा करायचं फर्मान होतं. रक्ताची माहिती पोलिसांच्या नोंदीत जात होती. ज्याच्या दंडातून रक्त काढलं त्याला हे सांगायची पद्धत नाही, संमतीचा कागद नाही. आपल्याकडे साध्या टाक्यांना आपण नातेवाइकाची सही घेतो. पुढे २०१९ मध्ये डीएनएची यंत्रं विकणाऱ्या एका मोठ्या अमेरिकी कंपनीनं शिनजियांगमध्ये विक्री थांबवली, ती याच कारणावरून.

आणि जन्मदर. आधी अल्पसंख्याकांना हानांपेक्षा एक मूल जास्त चालायचं, शहरात दोन, खेड्यात तीन. २०१७ मध्ये नियम सगळ्यांना सारखा केला. वरवर समान न्यायच दिसतो. पण पाठोपाठ जुनी बाळंतपणं उकरून दंड, तांबी बसवण्याची आणि नसबंदीची मोहीम सुरू झाली. सरकारी आकडेवारीच सांगते की २०१७ ला हजारी १५.८८ असलेला जन्मदर २०१९ ला ८.१४ झाला. मी रोज बाळंतपणं करते. एखाद्या जिल्ह्यात जन्मदर निम्म्यावर यायला मुली शिकाव्या लागतात, लग्नं उशिरा व्हावी लागतात, बाळं जगायची खात्री लागते. त्यात एक पिढी जाते. दोन वर्षांत तो आपसूक अर्धा झाला असं कुणी सांगितलं तर मी त्याला आधी बाहेर बसवीन.

काराकाश तालुक्यातली एक सरकारी यादी २०२० मध्ये बाहेर फुटली. कोणाला आत का टाकलं, याच्या रकान्यांची. दहशतवाद वगैरे शोधत जाल, तर सगळ्यात जास्त वेळा आलेलं कारण आहे: ठरल्यापेक्षा जास्त मुलं. बाकी कारणं म्हणजे बायको बुरखा घालायची, पासपोर्टसाठी अर्ज केला होता, नातेवाईक परदेशात आहे. शेवटी लिहिलेलं, की हा माणूस आता "विश्वासार्ह" आहे का नाही.

माझ्याबरोबर वॉर्डात एक उइघुर इंटर्न होती, काशगरकडची. हुशार, जरा खवचट. माझ्या चिनी उच्चारांवर हसायची. होतानहून आलेल्या पेशंटना चिनी यायचं नाही आणि मला उइघुर यायचं नाही, ती मधे उभी राहायची. २०१७ च्या उन्हाळ्यात तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, कॉरिडॉरमध्ये माझ्याशी इंग्रजीत बोलू नकोस. काही दिवसांनी वीचॅटवर (तिकडचं व्हॉट्सअ‍ॅप) बघते तर मी तिच्या यादीत नाही. मला राग आला नाही, कारण तोवर सगळेच परदेशी ओळखी पुसत होते. परत आल्यावर तिची चौकशी करावी असं कितीदा मनात आलं. पण बाहेर देशातून फोन येणं हेच तिथं आत टाकायचं कारण होतं. म्हणजे ज्याच्याबद्दल काळजी वाटते त्याला विचारायचं नाही, आणि ज्याला विचारावं त्याच्या घरी त्यामुळे पोलीस येणार. दहा लाखांहून जास्त सरकारी माणसं "नातेवाईक" म्हणून लोकांच्या घरी राहायला पाठवली होती; जेवायला एकत्र, झोपायला तिथेच, आणि कोण काय बोललं याची नोंद. कुणाला विचारणार?

धागेदोरे, तुमच्या प्रश्नावलीचं उत्तर मला इथेच दिसतं. एखाद्या गिरणीत सक्ती आहे का हे बघायचं तर कामगाराशी बोलावं लागतं, आणि त्याला "हो, मला जबरदस्तीनं आणलंय" म्हणता यायला हवं. तिथे ते शक्य नाही. कुणी मारत असतं म्हणून नव्हे. घरी बसलेला पाहुणा, फोनमधलं पाळत ठेवणारं अ‍ॅप आणि भावाची केस, हे सगळं एकाच वहीत असतं म्हणून. त्यामुळे २०२० मध्ये पाच आंतरराष्ट्रीय तपासणी संस्थांनी शिनजियांगमध्ये कामगार-तपासणी करणार नाही असं जाहीर केलं. तपासणीच होत नाही म्हटल्यावर "तपासलं, ठीक आहे" हा दाखला कोण देणार? म्हणून अमेरिकेनं कायदा उलटा केला. तिथला माल सक्तीचाच धरायचा, तसं नाही हे माल आणणाऱ्यानं सिद्ध करायचं.

वेचणीच्या यंत्राबद्दल: काका बरोबर आहेत, यंत्रं भरपूर आली आहेत. पण शेत संपलं की गोष्ट संपत नाही. "श्रम स्थलांतर" नावाच्या योजनेत गावागावाला आकडे ठरवून माणसं सूतगिरण्यांत, शिलाईच्या कारखान्यांत पाठवली जातात. नको म्हणणारा "मागास विचारांचा" ठरतो, आणि त्या शिक्क्याचं पुढे काय होतं ते वर लिहिलंय.

---

न्हावाशेवा

डॉक्टर, दंडवत. मी फॉरवर्डिंगमध्ये आहे, फक्त कागदाचं सांगतो.

तो कायदा २०२१ च्या डिसेंबरमध्ये झाला, २०२२ च्या जूनमध्ये लागू झाला. तुमचा माल भारतातून जातो म्हणून सुटलात असं समजू नका. पकडतात ते मालात शिनजियांगचं काही आहे का यावरून. शिलाई कुठे झाली हे दुय्यम. मलेशिया, व्हिएतनाम, थायलंडहून निघालेले कंटेनरही भरपूर अडकलेत. अडकला की गिऱ्हाइकाला महिन्याभरात पुरावा द्यावा लागतो, नाहीतर माल परत. परतीचं भाडं, डेमरेज (बंदरात माल अडकून पडल्याचा आकार), पुढचा सीझन गेला, हे सगळं गिऱ्हाईक तुमच्याच खात्यात टाकणार. करारात बघा, तसं कलम असतं.

व्यापाऱ्याचं "माल चांगला आहे" हे पत्र चहाच्या बिलाइतकं कामाचं. पाहिजे ते असं: जिनिंगचा गाठींचा रजिस्टर उतारा, गिरणीची खरेदी आणि त्या लॉटची उत्पादन नोंद, विणकराचं बीम कार्ड, प्रोसेसवाल्याचं चलन, आणि सगळ्यांची वजनं एकमेकांना लागली पाहिजेत. १७० किलोच्या गाठीतून किती सूत निघतं हे तिकडच्या अधिकाऱ्यालाही कळतं. कापसाच्या तंतूची समस्थानिक चाचणी करून पीक कुठल्या मातीतलं ते काढणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत. म्हणजे सही ठोकली आणि तंतूनं वेगळं सांगितलं, तर खोट्या प्रतिज्ञापत्राचं प्रकरण. शेठला एवढंच सांगा.

युरोपचाही सक्तीच्या मजुरीविरुद्धचा कायदा मंजूर झालाय, २०२७ च्या डिसेंबरपासून लागू. त्यात शिनजियांगचं नाव नाही, कुठल्याही देशाचा माल येऊ शकतो. आपलाही. तेव्हा वही आत्तापासून नीट ठेवलेली बरी.

---

पेठेतला काका

डॉक्टरांचा अनुभव वाचला, आदर आहे. तरी एक विचारतो. एवढं भयंकर असेल तर मुसलमान देश का गप्प? २०१९ मध्ये तर सौदी, पाकिस्तान यांनी चीनच्या बाजूनं पत्रावर सह्या केल्या. आणि आपल्या सरकारनं संयुक्त राष्ट्रांत मतदानच केलं नाही. ते काय मूर्ख आहेत?

---

बार्शीची डॉक्टर

मूर्ख कुणीच नाही काका, प्रत्येकाचं काहीतरी चीनकडे अडकलंय. पाकिस्तानचे रस्ते आणि वीजप्रकल्प, इतरांचं तेल आणि कर्ज. सौदी राजानं सही केली म्हणून काशगरमधल्या बाईची तांबी आपोआप निघत नाही. तुर्कस्ताननं २०१९ च्या फेब्रुवारीत याला मानवतेला लाजिरवाणं म्हटलं होतं, पुढे त्यांचाही आवाज बारीक झाला.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा अहवाल आला ३१ ऑगस्ट २०२२ ला, तेव्हाच्या उच्चायुक्त मिशेल बाशेलेट यांच्या कारकिर्दीच्या अगदी शेवटच्या मिनिटांत. त्यात म्हटलंय की हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात. मग ६ ऑक्टोबरला त्यावर मानवाधिकार परिषदेत नुसती चर्चा करायची का, यावर मतदान झालं. शिक्षा नाही, निर्बंध नाहीत, फक्त चर्चा. विरोधात १९, बाजूनं १७, तटस्थ ११. तटस्थांत भारत. दुसऱ्या दिवशी आपल्या परराष्ट्र खात्यानं तिथल्या लोकांच्या मानवाधिकारांचा आदर व्हावा असं निवेदन केलं, हेही नमूद करते. २०१६ मध्ये धर्मशाळेतल्या एका परिषदेसाठी उइघुर नेते दोलकुन इसा यांना आपण व्हिसा दिला आणि चीन चिडल्यावर काढून घेतला. आपली सीमा त्यांना लागून आहे, सरकारची अडचण मला समजते. पण सरकारची अडचण ही मुत्सद्देगिरी आहे; ती पुढे करून तिथे काही झालंच नाही असं तुम्ही म्हणता ते मला पटत नाही.

आणि फुटीर-दहशतवादी म्हणून कुणाला आत टाकलं तेही बघा. इल्हाम तोहती, बीजिंगमधले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. हान आणि उइघुरांनी एकमेकांशी बोलावं म्हणून वेबसाइट चालवायचे, वेगळा देश कधी मागितला नाही. २०१४ मध्ये जन्मठेप. राहिले दावूत लोकसंस्कृतीच्या अभ्यासक, दर्ग्यांच्या जत्रा आणि लोककथा गावोगाव फिरून टिपणाऱ्या बाई. सरकारी अनुदानावर काम करायच्या. २०१७ च्या डिसेंबरमध्ये बीजिंगला जायला निघाल्या आणि नाहीशा झाल्या. त्यांनाही जन्मठेप झालीय हे बाहेर कळायला २०२३ उजाडलं. आपल्याकडे खंडोबाच्या ओव्या गोळा करणाऱ्या प्राध्यापक बाईंना जन्मठेप झाली, असं समजा. यात दुसरी बाजू कोणती, ती मला खरंच दिसत नाही.

---

संपादक मंडळ

यानंतर आलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत. "त्यांच्यासोबत असंच व्हायला पाहिजे" छापाचं लेखन इथे चालणार नाही, मग "त्यांच्या" जागी कुणीही असो. धाग्याचा विषय शिनजियांग आणि कापूस आहे. काश्मीर, गाझा, अमेरिकेतले रेड इंडियन यांसाठी वेगळे धागे काढा.

---

धागेदोरे (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, काकांचेसुद्धा. डॉक्टर, तुमचा प्रतिसाद शेठना मोठ्यानं वाचून दाखवला. जन्मदराच्या आकड्याला ते थांबले आणि "परत वाच" म्हणाले. त्यांना दोन नाती आहेत. पण शेवटी पटलं ते न्हावाशेवा यांचं डेमरेज.

आत्ताची स्थिती अशी. इथल्या सुताची साखळी लागली. एका गिरणीनं कटकट केली, पण लॉटची नोंद दिली. जिनिंगवाला यवतमाळचा आहे, त्यानं रजिस्टरचे फोटोच पाठवले, तेही तिरके. व्हिएतनामच्या कापडाला तिथल्या गिरणीचा कागद आला, कापूस ब्राझीलचा, बंदराच्या पावतीसकट. चीनच्या कापडाला व्यापाऱ्यानं लिहून दिलं, "कापूस आयात केलेला आहे." कुठनं आयात, विचारलं तर फोन उचलत नाही.

तर त्या दोन स्टाइली अमेरिकेच्या ऑर्डरमधून काढल्या. सही उरलेल्या मालापुरतीच झाली. आता ते शर्ट तयार होऊन गोडाऊनमध्ये पडलेत आणि शेठ म्हणतात, दिवाळीत इथंच विकू. न्हावाशेवा, तुम्हालाच विचारतो. भारतात विकायला कायद्यानं काही अडतं का?

---

न्हावाशेवा

नाही अडत. आपल्याकडे असला कायदा नाही. जीएसटी भरा आणि विका.

फक्त त्या दोन स्टाइलींची कार्टन वेगळ्या रॅकवर ठेवा, बारकोड वेगळा करा, आणि उरलेलं कापड दुसऱ्या कुठल्या लॉटला कॉलर-कफसाठीसुद्धा लावू नका. कटिंगवाल्याला स्वतः जाऊन सांगा. त्याला लेबलवरचं इंग्रजी वाचता येत नसेल तर थानावर खडूनं फुली मारा.

---

बार्शीची डॉक्टर

कायद्याचं न्हावाशेवा यांनी सांगितलं. मला विचाराल तर मी तो शर्ट घेणार नाही. पण दुकानात टांगलेला कुठला तो मला ओळखू येणार नाही, एवढं खरं. शेठना सांगा, व्यापाऱ्याकडे पैसे परत मागून बघा.

---

धागेदोरे (धागाकर्ता)

मागितलेत. फोन उचलला की कळवतो.